तारीख घातलेले तिकीट

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड या करमणूक बागेने ऑक्टोबर २०२५ मध्ये नवे दर जाहीर केले. सर्वांत गर्दीच्या दिवशी एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट २२४ डॉलर आणि सर्वांत मंदीच्या दिवशी १०४ डॉलर. बाग तीच, पाळणे तेच, दारावर तिकीट तपासणारा माणूसही तोच. फक्त दिवस बदलला की भाव दुपटीच्या वर जातो. हे ऐकून आमच्यातील पुष्कळजण ‘ही तर सरळ लूट’ असे म्हणून मोकळे होतील. आमचे मत थोडे निराळे आहे. भावाबद्दल आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिकिटावर छापलेल्या तारखेबद्दल. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि आमच्या स्वतःच्या धंद्यातही ती रोज होते, म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आधी थोडी जुनी हकीकत. डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडली तेव्हा आत जायला मोठ्या माणसाला एक डॉलर पडत असे आणि आतल्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. माहीमच्या उरुसात मोठ्या पाळण्याचे वेगळे, मौत का कुआँ पाहण्याचे वेगळे, तसाच प्रकार. थोड्याच महिन्यांत कंपनीने तिकिटांची पुस्तके काढली. त्यात ए, बी, सी अशा प्रतीची पाने असत. ए म्हणजे किरकोळ खेळ, पुढची अक्षरे म्हणजे चढत्या प्रतीचे. १९५९ साली मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाली तेव्हा ‘ई’ हे सर्वांत भारी पान आले. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली आणि एकदा दारावर पैसे भरले की दिवसभर हवे ते खेळा, असा हिशेब सुरू झाला.

त्यानंतर सुमारे तीन तपे तिकिटाचा भाव वर्षाचे बाराही महिने एकच होता. दरवर्षी वाढायचा, पण जानेवारीतला मंगळवार आणि नाताळातला शनिवार यांत फरक नव्हता. तो फरक २८ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. डिस्नेलँडने दिवसांच्या तीन प्रती केल्या. स्वस्त दिवस ९५ डॉलर, मध्यम १०५, गर्दीचा ११९. हॉलीवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने त्याच महिन्यात तसाच मार्ग धरला होता. पुढे २०२० मध्ये डिस्नेलँडच्या तीन प्रतींच्या पाच झाल्या, मग सहा. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. सर्वांत खालचा १०४ डॉलरचा दर २०१९ पासून त्यांनी हलवलेला नाही. वाढ झाली ती वरच्या टोकाला.

आता विचार असा की, यात गैर काय? करमणूक बागेचा माल आमच्या फळवाल्याच्या मालापेक्षाही नाशवंत आहे. संध्याकाळी उरलेली केळी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात जातात, पण आज रिकामा फिरलेला पाळणा उद्या विकता येत नाही. आणि गर्दीच्या दिवशी पाळण्याला जादा पेट्याही लावता येत नाहीत. सुटीच्या दिवशी सगळेच आले तर कुणालाच धड खेळता येत नाही, दोन-दोन तास रांगेत जातात. भाव वर करून काही गिऱ्हाईक मंदीच्या दिवसाकडे वळवले, तर मंदीचा दिवस भरतो आणि तेजीचा दिवस सुसह्य होतो. आमची रेल्वेही हेच करते. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की पुढच्या जागांचे भाडे दहा टक्क्यांनी चढते, अशी पद्धत आली. चांदरातीला मेंदी काढणाऱ्या बायका दुप्पट घेतात. त्या बिचाऱ्या रात्रभर जागतात, आणि त्यांना वर्षातून अशा दोनच रात्री मिळतात. कुणी त्यांना लुटारू म्हणत नाही. भाव आधी सांगितला, गिऱ्हाइकाने ऐकून मान डोलावली, सौदा झाला. नाही पटले तर दुसरा दिवस, दुसरे दुकान.

अर्थात याला एक बाजू आहे जी कंपनीचे हिशेबनीस बोलून दाखवत नाहीत. ज्याला रजा हवी तेव्हा मिळते त्याला स्वस्त दिवस मिळतो. ज्याची मुले शाळेत आहेत, ज्याला मालक फक्त सणाला सोडतो, त्या कामगाराच्या नशिबी महाग दिवस येतो. म्हणजे हातावर पोट असलेला माणूस जास्त भरतो. हे आम्हाला डाचते. तरीही भाव उघड लिहिलेला असेल तर आम्ही त्याला फसवणूक म्हणणार नाही.

तारखेची गोष्ट वेगळी आहे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एके काळी चार दिवसांचे तिकीट घेतले आणि दोनच दिवस वापरले, तर उरलेले दोन दिवस पाच वर्षांनी आलात तरी चालत. २००५ पासून कंपनीने त्याला कात्री लावली. पहिल्या वापरानंतर चौदा दिवसांत संपवा, नाहीतर मुदत नसलेल्या तिकिटासाठी जादा पैसे भरा. २०१५ मध्ये जादा पैसे भरण्याची ती सोयही गेली. मग १६ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक तिकिटांवर तारीख पडली. विकत घेतानाच कोणत्या दिवसापासून येणार ते सांगायचे, त्यावर भाव ठरणार. चार दिवसांचे तिकीट त्या तारखेपासून सात दिवसांत वापरायचे, पाच दिवसांचे आठ दिवसांत. एका दिवसाच्या तिकिटाला तर तोच एक दिवस.

पाहा, इथे काय झाले. पूर्वी पोर आजारी पडले, वादळ आले, विमान चुकले, तर तिकीट खिशात राहत असे. म्हणजे अडचणीचा बोजा कंपनी उचलत होती. तारीख पडल्यावर तोच बोजा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर गेला, आणि त्या बदल्यात भाव काही उतरला नाही. भाव वाढला हे सगळ्यांना दिसते, कारण तो आकडा आहे. बोजा सरकला हे कुणाला दिसत नाही. मुंबई-पुण्याहून मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना याचा चटका अधिक बसतो. व्हिसा केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, आणि बागेचे तिकीट मात्र तारीख मागते.

कंपनीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. वापरलेच नाही असे तिकीट मुदत संपल्यावर अगदी कचरा होत नाही. त्यासाठी भरलेली रक्कम नव्या तिकिटात वळती करून घेतात, वरचा फरक द्यावा लागतो. रोख परत मिळत नाही. जुनी मुदत नसलेली तिकिटे आजही कुणाच्या कपाटात निघाली तर ती नाकारली जात नाहीत. २०२० मध्ये महामारीमुळे बागा बंद पडल्या तेव्हा न वापरलेल्या तिकिटांची मुदत वाढवून देण्यात आली. एकदा विकलेल्या शब्दाला जागण्याची ही रीत आम्हाला पसंत आहे.

पण याच कंपनीचा पाय एकदा घसरला, आणि ती हकीकत आमच्या दुकानदारांनी लक्ष देऊन वाचावी. महामारीनंतर बागा उघडल्या त्या नव्या अटीवर. तिकीट असले तरी त्या दिवसाची जागा आधी नोंदवायची. ऑगस्ट २०२१ मध्ये डिस्नेलँडने वर्षभराचे नवे पास काढले. त्यांतला सर्वांत भारी ‘ड्रीम की’, किंमत १,३९९ डॉलर. त्याची जाहिरात अशी की, या पासाला बंदीचे दिवस नाहीत. लोकांनी घेतला. नोंदणी करायला गेले तर काही दिवस पासवाल्यांसाठी भरलेले दाखवत, आणि त्याच दिवसाची सुटी तिकिटे मात्र विक्रीला असत, अशी तक्रार झाली. एका पासधारक बाईंनी दावा लावला, तो सर्व पासधारकांच्या वतीने चालला, आणि २०२३ मध्ये कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. चूक कबूल केली नाही. शिकली मात्र. २०२२ मध्ये त्या जागी जो पास आणला, त्यावर नाताळाच्या सुमाराचे बंदीचे दिवस आधीच स्पष्ट लिहिले होते. किंमतही १,५९९ डॉलर होती, आणि घेणाऱ्यांनी तो घेतला.

हा सगळा तंटा भावाचा नव्हता. १,३९९ डॉलर जास्त आहेत असे दाव्यात कुणी म्हटले नव्हते. ‘बंदी नाही’ असे विकताना सांगितले आणि दुसऱ्या दाराने बंदी आणली, एवढेच म्हणणे होते. फ्लोरिडात ९ जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटाला वेगळ्या नोंदणीची अट काढून टाकली. तिकिटावर तारीख आहेच, मग पुन्हा जागा कशाला नोंदवायची, ही गिऱ्हाइकांची साधी हरकत होती.

आमच्या वाचकांपुढे आणखी एक अडचण आहे, जी डिस्नेच्या दिनदर्शिकेत बसत नाही. ईद कोणत्या दिवशी, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर कळते. हिंदुस्थानात रमजान ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला आली, २०२५ मध्ये ३१ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि शेवटचा एक दिवस तर सर्वांसाठीच अनिश्चित. ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांना बागेत नेऊ म्हणणाऱ्या बापाने आगाऊ तारीख कोणती सांगावी? चंद्राने एक दिवस उशीर केला तर त्याचे तिकीट ईदच्याच दिवसावर पडते. तारीख बदलता येते, पण नव्या दिवसाचा भाव अधिक असला तर फरक त्यानेच भरायचा. बागवाल्यांना यात काही वावगे वाटत नसेल. त्यांच्या गिऱ्हाइकांत ईदवाले थोडे. पण आमच्या वस्तीत, आमच्याच गिऱ्हाइकांसाठी, आम्ही तरी काय करतो?

रमजानच्या पंधरवड्यानंतर आमच्या शिंप्यांच्या दुकानावर ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. ही आमची बंदीची तारीख. ती योग्य आहे. शिलाई यंत्रे तेवढीच, कारागिरांचे हात तेवढेच. पण पाटी लागल्यावर ओळखीच्या माणसाचे कापड मागच्या दाराने घेतले जाते, आणि दहाव्या रोज्याला कापड देऊन गेलेल्याचा जोड चांदरातीलाही तयार नसतो. हे ड्रीम कीचेच प्रकरण आहे, फक्त दावा लावायला कुणी जात नाही. तो माणूस पुढच्या वर्षी तयार कपड्यांच्या दुकानात जातो. शिंप्याला वाटते, जमानाच बदलला.

शादीखाने, मंडपवाले आणि बावर्ची यांचे तर अधिकच. एप्रिल-मे २०२० च्या लग्नांचे बयाणे घेतले गेले होते आणि मार्चमध्ये सगळे बंद झाले. कुणी बयाणा पुढच्या तारखेला वळता केला, कुणी निम्मा परत केला, कुणी पावतीवरची ‘बयाणा परत मिळणार नाही’ ही ओळ दाखवून हात वर केले. बावर्चीचीही बाजू होती. काहींनी किराणा भरून ठेवला होता, मदतनिसांना उचल दिली होती. ती रक्कम कापून उरलेली पुढच्या कार्याला धरली असती तर कुणाची हरकत नव्हती. रोख परत द्या, असा आमचा आग्रह नाही. छोट्या धंद्याला ते झेपत नाही. पण गिऱ्हाइकाचा पैसा गिऱ्हाइकाच्या नावावर जिवंत राहिला पाहिजे. एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमते, तर चार कढया असलेल्या बावर्चीलाही जमावे.

आणि भावाचे जे शिकण्यासारखे आहे ते आम्ही अजून घेतलेलेच नाही. लग्नसराईतल्या रविवारचा आणि आडवारातल्या बुधवारचा शादीखान्याचा दर बऱ्याच ठिकाणी सारखाच असतो. मग रविवारसाठी भांडणे होतात, आणि बुधवारी शादीखाना कुलूपबंद. वर्षाचा तक्ता करून दाराशी लावावा. कोणता दिवस महाग, कोणता स्वस्त, हे गरीब बापाला आधी कळले तर तो बुधवारी निकाह ठेवील आणि वाचलेल्या पैशात मुलीला दोन भांडी अधिक देईल. आज त्याला स्वस्त दिवस असतो हेच माहीत नसते. ओळख असलेल्याला कानात सांगितले जाते.

पावतीचे म्हणाल तर आमच्या मते तिच्यावर तीन ओळी पुरेत. दिवस कोणता. दिवस बदलायचा झाल्यास किती दिवस आधी सांगायचे आणि किती फरक भरायचा. कार्य रद्द झाल्यास बयाण्यातून काय कापले जाईल आणि उरलेले किती महिने जमा राहील. ईदच्या आसपासच्या कार्याला चौथी ओळ घालावी, की चंद्रामुळे दिवस एकाने पुढे गेला तर फरक लागणार नाही. आणि छापखान्यात पावतीपुस्तक टाकताना ही अक्षरे मागच्या बाजूला बारीक छापू नयेत. रकमेच्या खालीच, रकमेइतकीच मोठी असावीत.