इलाज उद्याचा, वसुली आजची

समजा, भिलाईजवळच्या अहिवाऱ्यात एका घरी चार वर्षांचा मुलगा आहे. हाक मारली तर वळून पाहत नाही, तासन्‌तास फिरत्या पंख्याकडे बघतो. पाणी हवे असले की आईचा हात धरून माठापाशी नेतो, पण बोलत नाही. शेजारीण म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. नणंद म्हणते, नजर लागली. शेवटी डॉक्टर सांगतात, ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. मग घरातील एखादा शिकलेला भाऊ मोबाइलवर शोधून काढतो की मोठ्या शहरात स्टेम सेलचे इंजेक्शन मिळते. खर्च लाखांत, पण मूल बोलू लागेल!

अंगाऱ्या-धुपाऱ्याला हसणारी माणसेही इथे फसतात, कारण हा गंडा प्रयोगशाळेच्या वेष्टनात मिळतो. मुलाच्या कमरेच्या हाडातील मगज काढायचा, त्यातील पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यातून आत सोडायच्या, असा हा प्रकार. त्या पेशी मेंदूत जाऊन नेमके काय दुरुस्त करतात, याचा भक्कम पुरावा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने स्वमग्नतेसाठी हे उपचार करू नयेत असे सांगितले. तरीही दुकाने चालूच राहिली. मुंबईचा यश चॅरिटेबल ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाने सांगितले की मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार देता येणार नाहीत. तोवर किती घरांतले दागिने मोडले गेले असतील, कोण जाणे!

मग खरा इलाज कधीच येणार नाही का? तसेही नाही. स्वमग्नतेशी शेकडो जनुकांचा संबंध आहे आणि बहुतेक मुलांमध्ये अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. अशा मुलात नेमके कोणते जनुक दुरुस्त करणार? मात्र थोड्या मुलांमध्ये एकाच जनुकातील मोठा बिघाड सापडतो. 'शँक ३' हे असेच एक जनुक. त्याची चांगली प्रत निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून मेंदूत पोचवण्याच्या मानवी चाचणीला अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळाली.

या आशेला आधार आहे. रेट सिंड्रोम हा प्रामुख्याने मुलींना होणारा आजार पूर्वी स्वमग्नतेच्याच गटात धरला जाई. स्कॉटलंडमध्ये एड्रियन बर्ड यांनी २००७ मध्ये दाखवले की बंद पाडलेले जनुक पुन्हा सुरू केले, तर आजारी उंदीर मोठेपणीही सुधारतात. पण उंदरांपासून मुलींवरील चाचण्यांपर्यंत यायला दीड दशक लागले.

आणि किंमत? २०२१ मध्ये छत्तीसगडमधीलच एका कोळसा खाण कामगाराच्या दोन वर्षांच्या मुलीला स्नायूंच्या आजारावर जनुकीय औषध हवे होते. त्या एका इंजेक्शनचे १६ कोटी रुपये कोल इंडियाने दिले. कंपनीने फार चांगले केले. पण तो कामगार कायम नोकरीतला होता. अहिवाऱ्याजवळच्या नंदिनी खाणीत एखादा ठेकेदारी मजूर असेल, तर त्याच्या मुलीसाठी कोणाकडे हात पसरायचा? जनुकांच्या बातम्या छापताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. स्वमग्नता असलेली अनेक मोठी माणसे म्हणतात, आम्हाला बदलू नका, आमचे म्हणणे समजून घ्या. ज्यांचे मूल फिट येऊन कोसळते, रात्र-रात्र झोपत नाही, त्या आईला हे बोलणे कानाआडचे वाटेल. तरी दोघांचेही ऐकायला हवे. फिट थांबवणारे औषध आणि स्वभावच बदलू पाहणारे औषध, यांत फरक आहे.

तंत्रज्ञानाचा जो भाग आज हाताशी आहे, तो मात्र स्वस्त आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे ॲप फुकट मिळते. त्यात पाण्याच्या चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो, तेही मराठीत. चित्रांमुळे मूल बोलायचेच सोडून देईल ही भीती निराधार आहे. लाखांच्या इंजेक्शनाआधी वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि घरातील रोजचा सराव हवा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. 'मुलावर शिक्का बसेल' म्हणून तो काढण्याचे पुष्कळ घरी टाळतात, आणि वर्षे निघून जातात.