कागदावरचे वाघ

2004 च्या गणनेत राजस्थानातील सारिस्का व्याघ्र प्रकल्पात 16 ते 18 वाघ असल्याची अधिकृत नोंद झाली. पुढच्याच वर्षी तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी वाघ संपविले, हे खरेच; परंतु ते संपत असताना कागदावरचे वाघ सुखेनैव नांदत होते, ही गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे.

पंतप्रधानांनी नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने 2005 च्या अहवालात यातील वर्मावर बोट ठेवले. वनकर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दिसणारे वाघ वर्षागणिक घटत होते. अधिकृत आकडा मात्र त्या प्रमाणात खाली येत नव्हता. जंगलाला जे ठाऊक होते, ते कार्यालयाला ऐकायचेच नव्हते!

वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल आणि त्यावर उपवनसंरक्षक अशी ही उतरंड आहे. आपल्या नियतक्षेत्रात शिकार झाल्याची वर्दी देणाऱ्या वनरक्षकाच्याच हाती पहिली नोटीस पडणार असेल, तर तो वर्दी देईल कशाला? ‘काही आढळले नाही’ हा शेरा मग सर्वांच्याच सोयीचा ठरतो.

सारिस्कानंतर काहीच घडले नाही, असे नव्हे. 2006 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले. पाऊलठशांच्या गणनेची जागा स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतली. तरीही 2009 मध्ये मध्य प्रदेशातील पन्नाही वाघांवाचून रिते झाले. 2010 पासून गस्तीच्या नोंदींसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आली. वाघाचा मृत्यू, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, शिकारच मानावा, असा दंडकही आहे. पण यंत्र नोंद ठेवते. धैर्य देत नाही.

शिवाय प्रश्न केवळ वाघांचा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये आपल्या ताडोबात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पायी फिरणाऱ्या अशा माणसांनी वर कळविलेल्या धोक्याची तत्काळ दखल घेतली जाणे, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून नियम साधा हवा. वर्दी देणाऱ्यास तिची वेळेसह पोच मिळावी. तिच्यावर वरिष्ठाने काय केले, याचीही लेखी नोंद व्हावी. आणि शिक्षा घटना कळविणाऱ्यास नव्हे, दडविणाऱ्यास व्हावी. अप्रिय वार्ता आणणाऱ्या सेवकाचा मान राखणारी यंत्रणाच वनांचे रक्षण करू शकेल.