मिलरचा हिशेब

दिवस कलल्यावर तालुक्याच्या कोणत्याही गावाबाहेर हमरस्त्यावर थोडा वेळ उभे राहावे. ट्रॅक्टर येतो. त्याच्यामागे ट्रॉली, ट्रॉलीत फावडी, घमेली, सेंट्रिंगच्या फळ्या आणि त्यांवर दाटीने बसलेली माणसे. ट्रॉलीच्याही मागे, लोखंडी दांड्याने अडकवलेला, हेलकावे खात येणारा काँक्रीटचा मिलर. त्याला दिवा नाही, ब्रेक नाही, बहुधा मागे लाल पट्टीही नाही. ज्या खिळीवर हे सारे ओझे असते ती खीळही पुष्कळदा मूळची नसते; सळईचा एखादा तुकडा वाकवून तेथे घातलेला असतो. ट्रॉलीत जागा उरली नाही म्हणून एखादा तरुण मिलरच्या दांड्यावरच बसलेला दिसतो. दिवसभर स्लॅब भरून तो थकलेला असतो आणि घरी जाण्याचे दुसरे साधन त्याला कोणी दिलेले नसते.

अपघात झाला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि त्यांत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द हमखास असतो. हा निष्काळजीपणा कोणाचा, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

यंत्र तसे साधे आहे. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा मिलर 10/7 मापाचा, म्हणजे दहा घनफूट कोरडा माल पोटात घेऊन सुमारे सात घनफूट ओले काँक्रीट देणारा. त्याला एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, आणि ते सुरू करावयाचे हँडल मारून. जुना जाणता चालक नव्या पोराला पहिली गोष्ट शिकवतो ती ही की, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांडीभोवती विळखा घालू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ सुटते आणि अंगठा वाचतो. विळखा घातलेला अंगठा वाचत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने अंगठा गमावलेल्या कामगाराची कमाईची शक्ती 30 टक्क्यांनी घटली, असे मानले. ज्याला उद्या पुन्हा हँडल मारावयाचे किंवा थापी धरावयाची आहे, त्याच्या लेखी हा आकडा किती खरा, हे कोणत्याही गवंड्याला विचारावे.

दुसरा धोका हॉपरचा. माल भरलेला हॉपर तारेच्या दोरावर वर चढतो. त्याच्याखाली सांडलेली खडी फावड्याने ओढून घेण्यासाठी कोणी तरी वाकते आणि त्याच क्षणी दोर तुटतो किंवा पकड सुटते. हॉपर खाली टेकवल्यावाचून, निदान साखळीने अडकवल्यावाचून, त्याखाली कोणीही जाऊ नये, एवढाच नियम आहे. फिरत्या पिंपात फावडे घालू नये, धुण्यापूर्वी इंजिन बंद करावे, गरम इंजिनात डिझेल ओतू नये, हेही तसेच साधे नियम. पिंपाभोवतीचे दातेरी चाक आणि इंजिनाचा पट्टा यांवर जाळी असावी, हे तर यंत्र घेतानाच पाहावयाचे. घमेली वाहणाऱ्या बाया त्याच चाकाच्या हाताभर अंतरावरून दिवसभर ये-जा करतात. पदराचे टोक ओढले जाण्यास क्षणही लागत नाही.

मग हे नियम पाळले का जात नाहीत? कामगार अडाणी आहे म्हणून, असे ठेकेदार सांगतो आणि सुशिक्षितांना ते पटते. आम्हांला ते पटत नाही. स्लॅब ठोक दराने घेतला जातो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. थांबला तर आधी ओतलेले काँक्रीट धरू लागते, सांधा कच्चा राहतो आणि पुढे गळतो. धुण्यासाठी वा डिझेलसाठी इंजिन बंद ठेवलेला प्रत्येक क्षण टोळीच्या मजुरीतून जातो. मिलरचा मालक भाडे घेतो ते स्लॅबमागे, तेव्हा एका दिवसात दोन स्लॅब साधण्यासाठी यंत्राला एका गावाहून दुसऱ्या गावी रातोरात पळवणे त्याच्या सोयीचे असते. ही ने-आण कोणाच्याच दरात धरलेली नसते. ट्रॅक्टर एकाचा, मिलर दुसऱ्याचा, माणसे मुकादमाची आणि घर चौथ्याचे. खीळ तुटते तेव्हा यांतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कायदा आहे, पण तो या अंगणापर्यंत पोचत नाही. न्या. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली 1985 पासून चाललेल्या मोहिमेनंतर 1996 साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. स्वतःच्या राहत्या घराचे काम दहा लाख रुपयांच्या आत असेल तर ते त्यातून वगळलेले होते. 2020 च्या संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती संहिता अमलात आली. खेड्यात पन्नास लाखांची घरे किती बांधली जातात? म्हणजे ज्या स्लॅबवर मिलर चालतो त्यांतले बहुतेक स्लॅब सुरक्षिततेच्या तरतुदींबाहेर राहिले. कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराला शिरस्त्राण देते, तेही नाव नोंदवण्याच्या खेपा घालून झाल्यावर. शिरस्त्राण जरूर असावे. दातेरी चाकाला त्याचा अडथळा होत नाही, इतकेच. मळणीयंत्रात शेतमजुरांचे हात तुटू लागले, तेव्हा 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि यंत्र बनवणाऱ्यालाही जबाबदारीत ओढले. मिलरच्या बाबतीत तसे का होऊ नये, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत विचारलाच पाहिजे.

परंतु तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. मिलर ट्रॉलीच्या मागे नव्हे तर थेट ट्रॅक्टरला जोडावा. खीळ मापाची असावी, तिला अडकण असावी आणि जोडीला साखळी असावी. हॉपर वर बांधलेला असावा. मागे लाल दिवा असावा आणि त्यावर एकही माणूस बसू नये. पिंपाच्या वजनाने हे यंत्र वरून जड असते आणि वळणावर कलंडते. म्हणून वेग बेताचा व वेळ दिवसाची हवी. कामावर पोचल्यावर सपाट जागा पाहून चाकांना दगड लावावेत, आणि ज्या मिलरला लिफ्ट आहे तिचा खांब उभा करण्यापूर्वी वर विजेची तार नाही ना, हे पाहावे. हे सारे यंत्रावरच्या माणसाला बहुधा ठाऊक असते. त्याला हवा असतो तो वेळ, आणि नकार देण्याइतके बळ. ते एकट्याला मिळत नाही, टोळीला मिळू शकते.

दिवाळीनंतर स्लॅबचा हंगाम सुरू होईल. त्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी मिलरचे मालक, मुकादम आणि टोळ्या यांना एकत्र बसवावे. यंत्र धुण्याचा व ने-आणीचा वेळ मजुरीत धरावा, माणसांच्या परतीचे वाहन दरात लिहून घ्यावे आणि त्या कागदाची एक प्रत मुकादमाच्या नव्हे, टोळीच्या हाती असावी. खिळीचे व साखळीचे पैसे कोण देणार, हेही त्याच बैठकीत ठरावे.