सहलीतून वगळलेले होळकर

जपानला जाणाऱ्या परदेशी सहलींचा एक प्रकार आता रुळला आहे. सकाळी देऊळ, दुपारी बाग, संध्याकाळी बेसबॉल. क्योटोची देवळं पाहून झाली की मंडळी निघतात कोशिएनला. हे मैदान 1924 सालचं. इथल्या शालेय स्पर्धेत हरलेली मुलं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. पाहुण्यांपैकी अनेकांना खेळाचे नियम कळत नाहीत. ढोल, घोषणा आणि डबा घेऊन बसलेली कुटुंबं मात्र कळतात. हा सामना सहलीत फावल्या वेळेची करमणूक म्हणून घातलेला नसतो. देवळाइतकाच तोही जपान पाहण्याचा भाग असतो.

आता आपली इंदूरची सहल बघा. राजवाडा, छत्र्या, लालबाग. रात्री सराफ्यात गराडू आणि जिलबी. दुसऱ्या दिवशी महाकाल, मग ओंकारेश्वर, मग महेश्वर. मराठी माणूस इंदूरला जातो तो आपल्या माणसांचं गाव म्हणून. मल्हारराव ऐकतो, अहिल्याबाईंपुढे हात जोडतो, घाटावर फोटो काढतो. त्यानंतर साड्यांच्या दुकानात दोन तास. सहलीतले होळकर इथे संपतात. बस रेसकोर्स रोडवरून गेलीच तर मार्गदर्शक खिडकीतून होळकर स्टेडियम दाखवतो. फार तर सेहवागच्या 219 धावांची आठवण काढतो. त्या मैदानाला होळकरांचं नाव का आहे, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

एकच आकडा सांगतो : 912. रणजी स्पर्धेच्या 1945-46 च्या हंगामात, याच इंदुरात, होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतकं. भंडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंह. सहापैकी चार आडनावं मराठी वाचकाला ओळखीची वाटावीत. ही धावसंख्या रणजीत 1993-94 पर्यंत कुणाला ओलांडता आली नाही. 1944-45 पासूनच्या 11 हंगामांत हा संघ 10 वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चार वेळा जिंकला. मुंबईच्या दादागिरीच्या त्या काळात एका संस्थानाच्या संघाने हे केलं. सहलीच्या पत्रिकेत यातली एक ओळ शोधून दाखवा.

यावर म्हणतील, हा खेळाचा इतिहास झाला. आम्ही संस्कृती दाखवतो. ही वाटणी कुणी केली? लालबाग महाल 1921 मध्ये पुरा झाला. नागपूरचे सी. के. नायडू 1923 मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले आणि त्यांच्या लष्करात कॅप्टन झाले. लालबागची झुंबरं आणि नायडूंचा पगार एकाच खजिन्यातून आला. झुंबरं बघायला तिकीट लागतं. नायडूंचं नावही सहलीत निघत नाही. भारताचा हा पहिला कसोटी कर्णधार याच गावात राहिला आणि 1967 मध्ये याच गावात गेला. परदेशात कसोटी शतक ठोकणारे पहिले भारतीय, मुश्ताक अली, तर इथलेच. महायुद्धात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून 1945 चा अंतिम सामना खेळला आणि त्याने नाबाद 249 केल्या. चंदू सरवट्यांनी 1946 मध्ये ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी 249 धावा जोडल्या, दोघांनी शतकं केली. हे सगळं राजाश्रयाचं काम आहे. गवयाला आश्रय दिला तर ती संस्कृती आणि फलंदाजाला दिला तर तो छंद, असा हिशेब मांडायचा असेल तर तसं स्पष्ट म्हणावं.

प्रवाशांना रस नसतो, ही सबब तर मुळीच चालणार नाही. हेच प्रवासी लंडनला गेले की लॉर्ड्सच्या फाटकाशी उभे राहून फोटो काढतात. आत सामना नसला तरी काढतात. लॉर्ड्सचा इतिहास त्यांना ठाऊक असतो, कारण लॉर्ड्सवाले तो रोज सांगतात, संग्रहालयात मांडतात आणि त्याचे पैसेही घेतात. कोशिएनची माती मुलं घरी नेतात, म्हणून ती परदेशी पाहुण्याला दाखवावीशी वाटते. गावाने जे जपलं तेच सहल कंपनी विकते. तेव्हा पहिला दोष कंपनीचा नाही. इंदूरने खाऊगल्ली जपली, स्वच्छतेचे पुरस्कार जपले. 912 चा डाव जुन्या मंडळींच्या गप्पांवर सोडून दिला. ती मंडळीही आता किती उरली?

आणि आपण महाराष्ट्रातले मराठी लोक? बृहन्महाराष्ट्राचा अभिमान आपल्याला अहिल्याबाईंच्या जयंतीपुरता पुरतो. भाऊसाहेब निंबाळकरांचा 443 हा आकडा क्रिकेटवेड्यांना पाठ असतो, कारण तो पुण्यात झाला. त्याच निंबाळकरांनी इंदुरात केलेले 172 विचारा.

मराठी सहली इंदूरला निघतात त्या थंडीत. रणजीही थंडीतच असते. मध्य प्रदेशचे सामने होळकर स्टेडियमवर होतात, रणजीला सहसा तिकीट नसतं आणि जागा मिळेल का ही चिंता तर अजिबात नसते. मध्य प्रदेशने 2022 मध्ये मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, म्हणजे बघण्यासारखा संघही आहे. वेळापत्रक आधी जाहीर होतं. सहलीची तारीख ठरवताना ते एकदा उघडून बघायला काही खर्च येत नाही. साड्यांच्या दोन तासांतला एक तास या मैदानाला द्यावा आणि मार्गदर्शकाने तेवढ्या वेळात सहा नावं सांगावीत. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत. पैसे भरणाऱ्यांनीच ते मागून घ्यायला हवं.