मोटरच गेली कशावरून?

पावसाळ्यात आंबेनळी घाट चढताना समोरची काच आतून धुरकटते आणि ब्लोअर ढिम्म हलत नाही, तेव्हा कुठे लोकांना हीटर आठवतो. एरवी त्याला विचारतो कोण! पण एसी काय, हीटर काय, हवा ढकलणारा पंखा एकच. साताऱ्यात मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो आणि माझी तक्रार माझ्याच धंद्याबद्दल आहे. ब्लोअर बंद म्हटलं की गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: मोटर गेली.

अहो, आधी बटण फिरवून तर बघा. साध्या एसीच्या गाडीत खालचे स्पीड गप्प आणि शेवटचा सुसाट असेल, तर मोटर ठणठणीत आहे. बहुतेक वेळा रेझिस्टर उडालेला असतो, कारण शेवटच्या स्पीडला करंट त्याला वगळून जातो. हा रेझिस्टर तापतो, म्हणून त्याला वाऱ्याच्या वाटेतच बसवतात. केबिन फिल्टर धुळीनं चोंदला की तो गार होत नाही, मग नवा टाकला तरी पुन्हा जळतो. फिल्टर कोण काढून बघतं?

काहीच हालचाल नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटरचं कनेक्टर. चावी ऑन, स्पीड फुल, दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प. दिवा लख्ख पेटला आणि पंखा गप्प, तर खुशाल मोटर उतरवा. हलकेच ठोकल्यावर फिरली तर कार्बन झिजलेत.

या तपासणीचे पैसे मागितले की गिऱ्हाईक आठ्या घालतं. मोटरचं बिल मात्र मुकाट भरतं.