संगणकाचा राखणदार आणि निबंधाची वही

विद्यार्थिमित्रांनो, संगणकांचे घुसखोरांपासून रक्षण करणारा तज्ज्ञ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतो? अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला, कोणाशी न बोलणारा, भराभर कळा दाबणारा तरुण, होय ना? हे चित्र पुष्कळसे चुकीचे आहे, असे माझे मत आहे.

१९८६ सालची गोष्ट पाहा. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करीत होता. त्या काळी संगणक जितका वेळ वापरला त्याचे पैसे आकारीत. हिशेबात ७५ सेंटांची तफावत निघाली. एवढीशी रक्कम! पण तिचा माग काढताना स्टोलच्या ध्यानात आले की, कोणी परका प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून तेथून लष्करी संगणकांची दारे चाचपीत आहे.

संगणकाचे ज्ञान त्याला इथवर घेऊन आले. पुढे मात्र माणसांशी गाठ होती. घुसखोर दूरध्वनीच्या तारांवरून येत असे. तेव्हा दूरध्वनी कंपनीच्या तंत्रज्ञांची मदत हवी, त्यासाठी न्यायालयाची परवानगी हवी. एफबीआयला ७५ सेंटांच्या चोरीत रस नव्हता. स्टोलने काय केले? घुसखोराने टंकलेला शब्दन्‌शब्द छापून घेतला, प्रयोगवहीत तारीख-वेळेसह नोंदी ठेवल्या आणि तंत्रज्ञ, वकील, हवाई दलाचे तपास अधिकारी अशा प्रत्येकाला समजेल असे पुन्हा पुन्हा सांगितले. माग अखेर पश्चिम जर्मनीतील हानोव्हर शहरी पोहोचला. चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती! १९९० मध्ये आरोपी दोषी ठरले.

याच्या उलट उदाहरण २०१७ चे. इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीच्या एका आज्ञावलीत त्रुटी असल्याची सूचना मार्चमध्ये आली. सुरक्षा विभागाने ४०० हून अधिक जणांना ती कळविलीही. पण पत्त्यांची यादी जुनी होती. ज्यांनी दुरुस्ती करायची त्यांनाच निरोप मिळाला नाही. आणखीही चुका झाल्या, हे खरे. परिणामी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. दुरुस्ती तयार होती, बरे का! निरोप पोहोचला की नाही, हे विचारणारा कोणी नव्हता.

बोलणे, लिहिणे, ऐकून घेणे यांना हल्ली ‘मृदू कौशल्ये’ म्हणतात. हे नाव मला फारसे पटत नाही, कारण ती कमावणे पुष्कळदा गणितापेक्षा अवघड जाते. गणित, संगणक पक्के हवेतच. नुसत्या गोड बोलण्याने घुसखोर अडत नाही. पण फसव्या पत्राला बळी पडलेला कारकून रागावण्याच्या भीतीने गप्प बसला, तर तज्ज्ञाला चोरी कळणार कशी? त्याला धीर देऊन बोलते करणे, हाही तज्ज्ञाच्याच कामाचा भाग आहे. म्हणून ‘मला संगणकात जायचे आहे, मराठीचा निबंध कशाला?’ असे कोणी म्हटले की मला नवल वाटते.

येत्या रविवारी एक प्रयोग करा. दूरध्वनीवर कोणी ओटीपी विचारला तर तो का सांगू नये, हे आपल्या आजीला तीनच वाक्यांत समजावा. दुसऱ्या दिवशी तिला तेच तुम्हांला समजावून सांगायला लावा. तिची वाक्ये वहीत उतरवून घ्या आणि आपल्या वाक्यांशी ताडून पाहा.