बेअरिंग घरी बदलावं का?

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. कळमेश्वरात ती अजून दिसते. काटोल रोडने नागपूरच्या खेपा करते, एमआयडीसीतल्या पाळीला माणसं पोचवते. अशा गाडीच्या पुढच्या चाकातून घरघर सुरू झाली की मालक विचारात पडतो: गॅरेजला टाकावी, की अंगणातच बेअरिंग बदलावं?

घरी करू पाहणाऱ्याची बाजू लंगडी नाही. मजुरी वाचते, शिवाय गाडीचा बदललेला आवाज आधी मालकालाच कळतो. उजव्या वळणावर घरघर वाढली, तर बहुधा डावं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा. राहिली तर बॉल जॉइंट पाहावा लागेल. ही तपासणी प्रत्येकाने शिकावी.

खरी अडचण पुढे आहे. जुन्या जीपच्या पुढच्या चाकात टेपर रोलर बेअरिंग असतं. ग्रीस भरून, नट बेताने आवळून ते घरी बसवता येतं. मारुतीचं बेअरिंग मात्र नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, दाबून बसवलेलं असतं. त्याला प्रेस लागतो. हातोड्याने आतल्या कडीवर ठोकलं, तर तो मार गोळ्यांतून जातो, रेसवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही लवकरच घरघरू लागतं. काही गॅरेजांतही असंच ठोकतात, म्हणून गाडी तिथे सोडली की काम नीटच होईल, असंही नाही.

माझं मत मधल्या वाटेचं आहे. हात बसलेला असेल त्याने नकल घरी सोडवावी, वर्कशॉपमध्ये प्रेसवर बेअरिंग बसवून आणावं आणि जोडणी घरी करावी. एक्सलचा नट टॉर्क पान्यानेच आवळावा. अंदाजावर तो सोडू नये. मग अलाइनमेंट तपासून घ्यावी. जॅक स्टँड नसेल, तर मात्र हे काम हाती घेऊच नये. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली हात घालणं जिवावर बेतू शकतं.

वर्कशॉपवाल्यांनाही एक विनंती: सुटी नकल घेऊन कुणी आला, तर ‘पूर्ण गाडी आणा’ म्हणून त्याला परत पाठवू नका. तो घरी जाऊन हातोडाच उचलेल.